यंत्राचा बाहुला आणि शिक्षिकेची खुर्ची
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गेले काही महिने आपल्या मंडळात एकच वाद चालू आहे. स्वमग्न मुलांना शिकविण्यास मदत करणारे रोबो परदेशात निघाले आहेत. तसा एक पनवेलला आणावा म्हणून महापालिकेकडे अर्ज करावा की नाही? कोणी म्हणतात, करावाच. आमच्या मुलांनी का मागे राहावे? कोणी म्हणतात, हे श्रीमंती चोचले आहेत. दोन्ही बाजू ऐकून मला जे वाटले ते आपणांपुढे ठेवते.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे आणि संसर्गाचा रोगही नव्हे. मेंदूची जडणघडणच निराळी असते. मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, एकच खेळ तासन्‌तास खेळते, आणि कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात घेऊन किंचाळते. 1943 साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा 11 मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हापासून या अवस्थेला शास्त्रात नाव मिळाले. पुढे कित्येक वर्षे तिकडच्या विद्वानांनी याचा दोष आईच्या माथी मारला. आईच्या मायेत ऊब नाही, म्हणून मूल मिटून जाते, असे ते म्हणत. 1964 साली बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून हे मत खोडून काढले. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही होते. शास्त्राने आईला निर्दोष ठरविले, पण आपल्या हळदीकुंकवाला अजून ठरविलेले दिसत नाही. "हिने लाडावून ठेवला", "ही नोकरीवर जाते ना", हे शेरे आजही कानांवर येतात. आजच्या दिवसापासून निदान या मंडळात तरी ते बंद व्हावेत, अशी माझी विनंती आहे.

आता रोबोविषयी. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठात 2005 पासून 'कास्पर' नावाचा लहान मुलाएवढा बाहुला या मुलांसाठी वापरात आहे. फ्रान्समध्ये तयार झालेला 'नाओ' अवघा 58 सेंटिमीटर उंच. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्याच्या शिक्षण खात्याने 'मायलो' नावाचा रोबो सरकारी शाळांत आणला. या यंत्राचा उपयोग काय, असे आपण विचाराल. "आंघोळीला चल" हे दोन शब्द आपण सकाळी एका सुरात म्हणतो, घाईत दुसऱ्या सुरात, आणि दूध उतू जात असले तर तिसऱ्याच. आपला चेहरा क्षणोक्षणी बदलतो. तुम्हांआम्हांला ते कळते; त्या मुलाला तो गोंधळ वाटतो. यंत्राचा चेहरा साधा असतो. ते तेच वाक्य शंभर वेळा त्याच सुरात म्हणते, कंटाळत नाही, रागावत नाही. अशा सोबत्याकडे पाहण्याचे धैर्य काही मुलांना लवकर होते.

2018 साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 12 मुलांच्या घरी महिनाभर असा रोबो ठेवला. रोज अर्धा तास खेळ. महिन्याअखेर मुले माणसांकडेही अधिक लक्ष देऊ लागली. मात्र त्या अर्ध्या तासात मुलाचे पालकही शेजारी बसून खेळात भाग घेत होते, हे विसरून चालणार नाही. शिवाय असे बहुतेक प्रयोग थोड्या मुलांवर आणि थोडे दिवस झालेले आहेत. पुष्कळ ठिकाणी रोबोला पडद्याआडून माणूसच चालवीत असतो. तेव्हा रोबो म्हणजे शिक्षिका नव्हे. ती शिक्षिकेच्या हातातील पाटी आहे. पाटी उत्तम असेल, पण वर्गात शिक्षिकाच नसेल तर ती भिंतीला टेकून राहते.

आता पैशाकडे येऊ. समग्र शिक्षा योजनेत अशा विद्यार्थ्यामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंत तरतूद आहे. एक रोबो काही लाखांच्या घरात जातो. समजा सात लाख धरले, तर ती 200 मुलांची वर्षाची तरतूद झाली! आणि बाहुला घेतला म्हणजे खर्च संपला असेही नाही. येलच्या प्रयोगात वापरलेला रोबो 'जिबो' या नावाने बाजारात होता. ती कंपनी बुडाली, आणि 2019 साली त्या रोबोने लोकांच्या घराघरांत आपल्याच तोंडाने निरोप घेतला. 'नाओ'ची कंपनीही 2025 साली दिवाळखोरीत निघाली. ज्या मुलाला रोजच्या वाटेतला एक खांब बदललेला खपत नाही, त्याचा सोबती असा एकाएकी मुका झाला तर काय होईल, याची कल्पना करा. शिवाय हे बाहुले परदेशचे. त्यांना "भूक लागली" हे आपल्या मराठीत कोण शिकविणार?

यंत्रावर माझा राग नाही. मुंबईच्या आयआयटीने 'जेलो' नावाचे साधन तयार केले आहे. बोलता न येणारे मूल चित्रावर बोट ठेवते आणि फोन त्याच्या वतीने बोलतो, मराठीतही. ते फुकट मिळते. गोव्यात एका मजूर बापाने 2022 साली आपल्या अपंग मुलीला भरविणारे यंत्र स्वतः शिकून बनविले, आणि तेथील राज्य नवोपक्रम परिषदेने त्याला मदत केली. सरकारचा पैसा यंत्रावर लागला तर असा लागावा, घरची नड ओळखून.

कायदा आज आपल्या बाजूला आहे. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि 2016 च्या कायद्याने या मुलांनाही 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. 28 ऑक्टोबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्राथमिक वर्गांत अशा 10 मुलांमागे आणि वरच्या वर्गांत 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी, असा राज्य सरकारचा आदेश आहे. आपल्या गावाला 1852 पासून नगरपालिकेची परंपरा. 1 ऑक्टोबर 2016 रोजी तिची महानगरपालिका झाली. उत्पन्न वाढले, तसा हा 5 टक्क्यांचा वाटाही वाढला.

या पैशातून काय होऊ शकते ते शेजारी वाशीला पाहा. नवी मुंबई महापालिका तेथे अपंग मुलांसाठी ईटीसी हे शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र चालविते. पालिकेने मनावर घेतले तर होते, याचे उदाहरण शोधण्यास परदेशी जावयास नको. पण आपल्या परिसरातील एक आई मुलाला घेऊन उपचारासाठी रोज हार्बर गाडीने पनवेलहून मुंबईकडे जाते. गर्दी, भोंगे, धक्के. मूल पोचते तेच थकून, आणि शिकण्याची वेळ रडण्यात जाते. त्या मुलाला हवी आहे घराजवळची एक शांत खोली, आणि तिच्यात रोज येणारे तेच एक माणूस.

म्हणून माझी सूचना अशी. मंडळाने अर्ज जरूर करावा, पण त्यातील क्रम बदलावा. पहिली मागणी, पालिकेच्या शाळांत न्यायालयाने सांगितलेल्या प्रमाणात विशेष शिक्षक, तेही कायम पगारावर. दुसरी, प्रत्येक भागात एका शाळेत शांत खोली आणि मदतनीस बाई. तिसरी, 5 टक्के निधीचा वर्षाचा हिशेब. तो मिळाला नाही तर 2005 चा माहिती अधिकार आपल्या हाती आहेच. आणि चौथी, हे सर्व वर्षभर नीट चालल्यावर त्या शिक्षिकांनीच ठरवावे की रोबो हवा की नको. हवा असेल तर तो मराठी बोलणारा, येथे दुरुस्त होणारा आणि कंपनी बुडाली तरी चालणारा असावा, असे करारात लिहून घ्यावे. नाहीतर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला व्हायचा.

थोडे आपल्याकडेही लागते. मंगळागौरीला आणि गणपतीत कर्ण्याचा आवाज खाली ठेवणे, त्या आईला आठवड्यातून दोन तास मोकळीक देणे, तिच्या मुलाला वाढदिवसाला बोलावणे, याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे. सभा संपल्यावर सह्यांचे कागद दाराशी ठेवले जातील. चहाला जाण्यापूर्वी प्रत्येकीने तो वाचावा, पटले नाही तर मला विचारावे, आणि पटले तरच सही करावी.