पऱ्हाटीचा कांडी कोळसा

शेतातला वाळका काडीकचरा बारीक करून, यंत्रात प्रचंड दाबाखाली ठासला की त्याच्या घट्ट, वजनदार कांड्या तयार होतात. त्यांनाच कांडी कोळसा किंवा ब्रिकेट म्हणतात. कारखानदार त्याला पांढरा कोळसाही म्हणतात. खानदेशात या जळणाचा मुख्य कच्चा माल म्हणजे पऱ्हाटी, अर्थात कपाशीची वाळकी झाडे. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की चोपड्यापासून पारोळ्यापर्यंत आणि शिरपूरपासून शिंदखेड्यापर्यंत ती शेतोशेती उभी असते. एका हेक्टरातून साधारण दोन ते तीन टन वाळकी पऱ्हाटी निघते. थोडी चुलीला लागते, थोडी कुंपणाला. बाकीची बांधावर रचली जाते, नाहीतर शेतातच पेटवली जाते. त्याच दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याला सरपणाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन बायाबापड्या कोसभर चालत असतात.

बांधावरचा हा ढीग निरुपद्रवी नाही. पऱ्हाटीला अर्धवट उमललेली, किडकी बोंडे तशीच चिकटून असतात आणि त्यांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत पडून राहते. पुढच्या पावसाळ्यात तिचे पतंग बाहेर पडतात आणि शेजारच्याच कोवळ्या कपाशीवर जातात. २०१७ च्या हंगामात या अळीने राज्यातल्या कापूस उत्पादकांचे कंबरडे मोडले. तेव्हापासून फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेले कपाशीचे पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर उपटा आणि बांधावर साठवू नका, असे कृषी विभाग सातत्याने सांगत आला आहे. उपटलेली पऱ्हाटी ठेवायची कुठे, हा शेतकऱ्याचा प्रश्न मात्र रास्त आहे. जवळपास कांडी कोळशाचे यंत्र असेल तर त्याला उत्तर मिळते. पऱ्हाटीचा भुगा झाला की त्यातल्या बोंडांचा आणि अळीचाही निकाल लागतो.

काम तसे सरळ आहे, पण त्यात ओलाव्याला फार महत्त्व. चिमट्याने उपटलेली पऱ्हाटी उन्हात वाळवतात, मग यंत्रातून तिचा भुगा करतात. भुग्यात ओल आठ ते बारा टक्क्यांच्या आसपास हवी. जास्त असेल तर आत वाफ कोंडून कांडी फुटते. खानदेशचे फाल्गुन-चैत्रातले ऊन हे काम फुकटात करून देते. हा भुगा दट्ट्याच्या यंत्रात साच्यातून रेटला जातो. घर्षणाने तो तापतो आणि काडीतलेच लिग्निन नावाचे द्रव्य मऊ होऊन कण एकमेकांना धरतात. वेगळा डिंक किंवा खळ लागत नाही. कांडी निवली की दगडासारखी टणक होते.

उष्णता म्हणाल तर किलोमागे सुमारे चार हजार किलोकॅलरी, म्हणजे वाळक्या लाकडाइतकीच. फायदा आहे तो आकारमानाचा. मोकळ्या काड्यांनी भरलेली ट्रॉली वजनाला अगदी हलकी असते. तेवढ्याच जागेत कांड्या कितीतरी पट अधिक मावतात. शिवाय कांडी सावकाश आणि एकसारखी जळते. म्हणून बॉयलरवाले कारखाने ती आवडीने घेतात. कोळशावरच्या वीजकेंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवइंधन मिसळावे, असे धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये आखले, आणि भुसावळजवळ दीपनगरला असे केंद्र आहेच.

या मागणीत एक धोका आहे. पऱ्हाटी आजवर मागितली की मिळत असे. तिला भाव आला की शेतमजुराच्या चुलीची पंचाईत होते. म्हणून गावातल्या यंत्राने काही कांड्या गावासाठी ठेवल्या, तरच हे जळण खऱ्या अर्थाने सरपणाला पर्याय ठरेल.

घरच्या चुलीत जाड कांडी अखंड घालू नये, फोडून तुकडे घालावेत. वाऱ्याला वाट असलेली सुधारित चूल असेल तर धूरही कमी होतो. भाकरी, वरण, आंघोळीचे पाणी यांना तिची धग पुरते. भरताची वांगी मात्र काड्यांच्या भडक्या जाळावरच भाजावीत. साल करपून आतला गर धुरकट व्हायला जो झटपट जाळ लागतो, तो कांडीला जमत नाही.

बिनधुराचे जळण हवे असेल तर काडीकचऱ्याचा आधी कोळसा करावा लागतो. पिंपात हवा न लागू देता तापवल्यावर कोळसा उरतो. त्याची पूड खळीत मळून वड्या पाडतात. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटासाठी ही पद्धत विकसित केली आणि तिला २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. संस्थेच्या सराई कुकरमध्ये अशा सुमारे शंभर ग्रॅम कोळशावर पाच माणसांचा स्वयंपाक होतो. यात मूळ काडीचे बरेचसे वजन जळून जाते. आणि धूर दिसला नाही तरी कोळशाचा विषारी वायू असतोच, तेव्हा शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये.

सगळाच कचरा या कामाचा नाही. भुईमुगाची टरफले उत्तम. तुराट्या आणि दाणे काढलेली मक्याची कणसेही चालतात. ज्वारीचा कडबा गुरांचा आहे, त्याला हात लावू नये. रावेर-यावलकडच्या केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते वाळवण्यात श्रम घालण्यापेक्षा त्याचे गांडूळखत करावे. हलक्या, मुरमाड जमिनीतली पऱ्हाटी दरवर्षी सगळीच उचलू नये. काही वर्षे ती श्रेडरने बारीक करून, बोंडे चिरडली गेल्याची खात्री करून, तिथल्याच मातीत मिसळावी. कांड्यांची साठवण छपराखालीच करावी, कारण एकदा पाणी लागले की त्यांचा पुन्हा भुगा होतो.