सायकलला जागा द्या



केडगावातून जाणारा पुणे रस्ता
तुमच्या रोजच्या ओळखीचा.
एसटी, ट्रक, उसाचे ट्रॅक्टर…
आणि त्यांच्या कडेने शाळेला निघालेल्या सायकली.

सायकलला परवाना लागत नाही.
नंबर प्लेटही नाही.
म्हणून काही गाडीवाल्यांना वाटतं,
रस्ता फक्त आपला!

तसं नाही, मंडळी.
मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे.
आपला रस्ता तसा नाही.
इथे सायकलचाही हक्क आहे.
तेव्हा सायकलला जागा द्या.

जागा म्हणजे किती?
सायकलस्वार खड्डा चुकवायला अचानक वळला,
तरी तुमचा आरसा त्याला लागू नये, इतकी.
तेवढी जागा नसेल,
तर मागे थांबा.
हॉर्नने रस्ता रुंद होत नाही.

आणि वेग आवरा.
वेग दुप्पट झाला,
की ब्रेक दाबल्यावर गाडी
जवळपास चौपट अंतर जाऊन थांबते.

वेगळा सायकल ट्रॅक हवा का?
भरधाव वाहतुकीच्या रस्त्याला हवाच, असं माझं मत.
पण पुण्यात काय झालं, ते पाहा.
ट्रॅक बांधले,
आणि कित्येक ठिकाणी त्यांवर मोटारसायकली उभ्या राहिल्या.

सायकलवाल्यांनो, आता तुमच्याकडे वळतो.
उलट्या बाजूने येऊ नका.
जोडीने गप्पा मारत जाऊ नका.
मागे लाल रिफ्लेक्टर लावा.
सायकलच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो.

आणि गाडीवाल्यांनो, नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेच्या दर्शनाला
पायी येणाऱ्यांचीही गर्दी असते.
त्या दिवसांत गावात शिरण्याआधीच
गाडीचा वेग कमी करा,
आणि सायकलला जागा द्या.