घरकाम बाजूला ठेवलं, तो दिवस



मागच्या महिन्यात आमच्या गटाने कर्जाचे अर्ज भरले. त्यात 'व्यवसाय' असा रकाना होता. आमच्या बाराजणींपैकी नऊजणींनी तिथे लिहिलं, 'घरकाम'. आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात आमच्या हातच्या गोधड्यांची चळत लागलेली! तेव्हा आम्हाला एका बाईची आठवण झाली. आज तिचीच गोष्ट सांगतो.

तिचं नाव कॅरी स्टीव्हन्स. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं थंड राज्य आहे. तिथे १८८२ साली ती जन्मली. तिचा नवरा वॉलेस वाटाड्या होता. शहरातून येणाऱ्या हौशी पाहुण्यांना तो पैसे घेऊन तळ्यांवर मासेमारीला न्यायचा. अप्पर डॅम नावाच्या बंधाऱ्याजवळ त्यांचं घर होतं. कॅरीला बायकांच्या टोप्या करता येत. टोपीवर पिसं कशी बसवायची, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात. तिकडे ट्राउट मासा धरायला हौशी लोक गळावर दोरा आणि पिसं बांधून नकली आमिष करतात. त्याला 'माशी' म्हणतात. १९२० च्या सुमारास एका पाहुण्याने कॅरीला अशी माशी बांधून बघायला सुचवलं. शिकवायला कोणी नव्हतं. ती आपली आपणच शिकली. बाकीचे लोक गळ धरायला लोखंडी पकड वापरत. ती मात्र गळ नुसत्या बोटांत धरून माशी बांधायची. तिच्या माश्या लांबट होत्या, किड्यासारख्या नव्हत्या. पाण्यात ओढल्या की ट्राउटचं खाणं असलेला छोटा रुपेरी मासाच पोहतोय असं वाटायचं.

१ जुलै १९२४. कॅरी घरात काम करत होती. करता करता नव्या माशीची कल्पना सुचली. तिने हातातलं काम तिथेच टाकलं, माशी बांधली आणि थेट बंधारा गाठला. त्या माशीला ट्राउट लागला, ६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे तीन किलोंच्या वर! 'फील्ड अँड स्ट्रीम' या मासिकाच्या स्पर्धेत त्या माशाला दुसरं बक्षीस मिळालं. मग माश्यांसाठी पत्रांवर पत्रं येऊ लागली. घरातल्या घरात धंदा उभा राहिला. १९५३ मध्ये तिने तो विकला, तोवर जवळजवळ तीस वर्षं ती माश्या बांधत होती.

तिची सगळ्यात गाजलेली माशी म्हणजे 'ग्रे घोस्ट', राखाडी भूत. नारिंगी रेशमाचं अंग, त्यावर रुपेरी जरीचे वेढे, पोटाखाली मोरपिसाचे तंतू, वर राखाडी पिसं. आणि गालाशी ठिपक्याचं एक पीस, डोळ्यासारखं चमकणारं. ते पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचं. हो, आपल्या सह्याद्रीच्या रानात पहाटे आरवतो, तोच! आज कायद्याने त्याची शिकार बंद आहे, ते बरंच आहे. पण आपल्या रानातल्या पाखराचं पीस इतक्या लांबच्या बाईच्या हातात गेलं होतं, याचं आम्हाला फार नवल वाटलं.

आणखी दोन गोष्टी. कॅरी माशी बांधताना कोणाला बघू देत नसे. आणि माशीच्या डोक्याशी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक वेढा घाली. तो वेढा दिसला की लोक ओळखत, ही कॅरीच्या हातची. आमच्या गोधड्या व्यापारी नेतो आणि त्यावर स्वतःच्या दुकानाची चिठ्ठी लावतो. टाका आमचा, नाव त्याचं. यात सगळा दोष त्याचाच असं आम्ही म्हणणार नाही. आम्ही तरी आमची खूण कुठे घातली होती?

१९७० मध्ये कॅरी गेली. त्याच वर्षी अप्पर डॅमजवळ तिच्या आठवणीची पाटी बसवली. तिने घरकाम बाजूला ठेवून माशी बांधली, हे त्या पाटीवर आवर्जून लिहिलं आहे.

मैत्रिणींनो, आम्ही ठरवलंय. यापुढे प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचं छोटं फूल असेल, आमच्या गटाची खूण. आणि पुढचा अर्ज येईल तेव्हा त्या रकान्यात बाराच्या बाराजणी लिहिणार आहोत, 'गोधडी व्यवसाय'. तुमच्या गटाची खूण कोणती? पुढच्या बैठकीत ठरवा आणि आम्हाला जरूर कळवा.