संकेतस्थळांवरील बंदी : अधिकार आणि उत्तरदायित्व

(पालक व कार्यकर्ता मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



एखादे संकेतस्थळ उघडले नाही की आपण दोहोंपैकी एक निष्कर्ष काढून मोकळे होतो. ‘सरकारने दडपले’ हा एक. ‘बंद केले म्हणजे वाईटच असणार’ हा दुसरा. दोन्ही निष्कर्ष विचारावाचून काढलेले असतात.

पान न उघडण्याची कारणे अनेक असतात. पडद्यावर ४०४ हा आकडा आला, तर ते पान त्या जागी सापडले नाही एवढाच त्याचा अर्थ. कायदेशीर कारणाने अडवलेल्या पानासाठी ४५१ हा निराळा संकेतांक डिसेंबर २०१५ मध्ये मान्य झाला. परंतु तो सर्वत्र दाखवला जातोच असे नाही. शोधयंत्राने यादीतून दुवा काढला, तर पान जागेवर असूनही हाती लागत नाही. शाळा व कार्यालयेही आपापली गाळणी लावतात.

शासनाची बंदी इंटरनेट पुरवठादारामार्फत अमलात येते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक सांगणारी एक नोंदवही असते. पुरवठादार तेथे चुकीचे उत्तर देतो किंवा जोडणीच तोडतो.

येथेच खरी अडचण उद्भवते. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातील एका फुटीरतावादी संघटनेशी संबंधित असा याहूवरील एकच गट बंद करण्याचा आदेश निघाला. पुरवठादारांना तो एक गट वेगळा काढता आला नाही आणि याहूचे सारेच गट बंद पडले. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकल गाड्यांमधील स्फोटांनंतर मोजक्या पानांवर बंदी आली. प्रत्यक्षात ब्लॉगस्पॉटवरील असंख्य निरपराध लेखकांची पाने काही दिवस दिसेनाशी झाली. आजही कूटबद्ध जोडणीत पुरवठादाराला स्थळाचे नाव कळते, आतले पान कळत नाही. त्यामुळे एका पानासाठी संपूर्ण स्थळ अडवले जाण्याचा धोका कायम आहे.

मग राष्ट्राने स्वसंरक्षण करू नये काय? अवश्य करावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९-अ त्यासाठीच आहे. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, मित्रराष्ट्रांशी संबंध आणि सार्वजनिक सुव्यवस्था ही त्याची प्रमुख कारणे होत. याच कलमान्वये २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घालण्यात आली.

परंतु याच कलमात आदेशाची कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन आहे. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६-अ रद्द केले आणि ६९-अ मात्र वैध ठरवले. कारणे लेखी असल्याने आदेशाला न्यायालयात आव्हान देता येते, हा त्यामागील एक आधार होता. दुसरीकडे, २००९ च्या नियमांतील १६ वा नियम तक्रारी व कारवाई गोपनीय ठेवण्यास सांगतो. ज्याचे पान बंद झाले त्याला कारणच कळले नाही, तर त्याने दाद कशाच्या आधारावर मागावी? १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात इंटरनेट सेवा खंडित करणारे आदेश प्रसिद्ध करावेत, असे न्यायालयाने सांगितले. संकेतस्थळांच्या बाबतीतही, सुरक्षेला बाध येत नसेल तेथे, हीच रीत असावी.

पालकांना एक विनंती. बंदी चुकवण्यासाठी मुले फुकटचे व्हीपीएन घेतात. त्यामुळे आपली सारी ये-जा एका अनोळखी मध्यस्थाच्या हाती जाते, हे त्यांना समजावून सांगा. केवळ ‘पाहू नकोस’ म्हणू नका; का पाहू नये, तेही सांगा.

घरात जे पथ्य, तेच राज्यकारभारात. कारण सांगून केलेला मज्जाव माणूस मनापासून पाळतो. कारण लपवले की संशय वाढतो. राष्ट्राला आज्ञाधारक नागरिकांइतकीच जाणत्या नागरिकांचीही गरज आहे.