जळके लाकूड आणि गोडे पाणी

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील एका गावी राहण्याचा प्रसंग आला. विहिरींना पाणी भरपूर, पण मचूळ. दूध घातले की चहा फाटे. बायका टँकरची वाट पाहत उन्हात बसत आणि शेजारच्या मिठागरात तेच ऊन अफाट पाण्याची वाफ करीत असे. मीठ आपण ठेवून घेतो, पाणी मात्र आभाळाला देऊन टाकतो. ते अडविता येईल काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

उघड्या भांड्यातील पाणी उन्हात ठेवले, तर बरीचशी उष्णता तळापर्यंतचे सारे पाणी कोमट करण्यातच खर्ची पडते. वाफ होते ती पृष्ठभागावर. मग तेवढाच का तापवू नये? अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली याकरिता साधे लाकूड घेतले. ओंडक्याच्या आडव्या चकतीचे वरचे अंग जाळून काळे केले व ती पाण्यावर तरंगत ठेवली. काळा थर ऊन शोषतो; झाड जिवंत असताना मुळांचे पाणी शेंड्याला पोहोचविणाऱ्या सूक्ष्म नळ्या खालचे पाणी वर ओढतात; आणि लाकडातून उष्णता सहसा खाली उतरत नाही. त्याच वर्षी चीनमधील नान्जिंग विद्यापीठात अळंबीवर प्रयोग झाले. कोळसा केलेल्या अळंबीने उन्हातील सुमारे ७८ टक्के ऊर्जा बाष्पीभवनाच्या कामी लावली.

ही वाफ इंजिन ओढणारी नव्हे, हे श्रोत्यांनी ध्यानी घ्यावे. ऐन दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर ताशी सुमारे दीड लिटर पाणी उडते, आणि नुसत्या उन्हाच्या बळावर याहून फार पुढे जाणे कठीण. ती वाफ काचेखाली निववून गोळा करताना आणखी घट येते. शिवाय मीठ साचून नळ्या बुजतात. २०१९ साली मेरीलँडमध्येच लाकडाला मोठी छिद्रे पाडून ते मीठ पुन्हा खालच्या पाण्यात उतरविण्याची युक्ती निघाली.

गेल्या उन्हाळ्यात मीही सुताराकडून एक तुकडा आणून भाजला व परातीत सोडला. वरचे अंग कोरडेच राहिले. सुताराने हसून कारण सांगितले: मी उभ्या चिरलेल्या फळीचा तुकडा आणला होता, त्यात नळ्या आडव्या पडल्या होत्या.