बर्गर खाऊ की नको? त्याआधी सांगा, कशाच्या जागी?

(या भागातल्या बोलण्याचा हा लिखित मजकूर. हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी.)

आज मागे थोडा आवाज येईल, सांभाळून घ्या. मी पुण्याच्या फ्लॅटमधून नाही, सायखेड्यातून बोलतोय, आमच्या घराच्या गच्चीवरून. खाली नाना ट्रॉलीत कांदा भरून घेतायत. उद्या सोमवार, बाजारात लिलाव. आज विषय आहे बर्गर. गोदाकाठच्या गावात बसून बर्गरवर काय बोलतोस, असं वाटेल. थांबा, नाना पण येतील या गोष्टीत.

गेल्या वर्षी कंपनीत हेल्थ चेकअप झालं. मी 28 वर्षांचा. रिपोर्टची पीडीएफ उघडली तर एचबीए1सी 6.1. हा आकडा म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. 5.7 च्या खाली असेल तर ठीक, 5.7 ते 6.4 म्हणजे पूर्वमधुमेह, 6.5 आणि त्यापुढे मधुमेह. मी बरोबर मध्ये लटकलेलो. साखर म्हणजे नानांच्या वयाचं दुखणं, अशी माझी ठाम समजूत होती. नानांना सहा वर्षांपासून गोळ्या चालू आहेत.

आणि हे माझं एकट्याचं नाही बरं का. 2023 मध्ये आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाचे आकडे आले. देशात अंदाजे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आणि 13.6 कोटी लोक पूर्वमधुमेहात. म्हणजे रांगेत उभे असलेले जास्त आहेत. त्या रांगेत मी.

मग मी काय केलं? जे सगळे करतात ते. डिलिव्हरीचं ॲप उडवलं. बर्गर बंद, आयुष्यभरासाठी. हे आयुष्य 19 दिवस चाललं. विसाव्या दिवशी रात्री रिलीज होतं, साडेअकरा वाजलेले, ॲप परत डाउनलोड केलं आणि दोन बर्गर, फ्राईज, मोठं कोल्ड्रिंक मागवलं. खाऊन झाल्यावर असं वाटलं, जणू चोरी केली.

दुसऱ्या दिवशी डोकं शांत झालं आणि लक्षात आलं, आपण इंजिनिअर आहोत ना? मग लॉग बघूया. मागच्या तीन महिन्यांची ऑर्डर हिस्टरी काढली. 41 बर्गर. त्यातले 35 रात्री दहानंतर. आणि त्या 35 पैकी मला किती आठवत होते? दोन. एक मित्राच्या वाढदिवसाचा, एक पगाराच्या दिवशीचा. बाकीचे 33 मी आवडीनं खाल्लेच नव्हते. घरी गेल्यावर भाजी कोण करणार, म्हणून खाल्ले होते.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की माझा प्रश्नच चुकत होता. बर्गर चांगला की वाईट, यावर मी व्हिडिओ बघत बसलेलो. खरा प्रश्न हा, की तो कशाच्या जागी येतोय? 33 बर्गर म्हणजे 33 रात्रींची गायब झालेली डाळ, भाजी, भाकरी.

बाहेरचा वाद आणि आपला वाद

परदेशातल्या व्हिडिओंचा अजून एक घोळ आहे. तिकडे हॅम्बर्गर म्हणजे गाईच्या मांसाची टिक्की. त्यामुळे तिकडचा वाद मांसाचा. 2015 मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गटात टाकलं आणि लाल मांस 'बहुधा कारण' या गटात. तो वाद तिथे ठीक आहे. पण आपल्या बर्गरमध्ये काय असतं? मॅकडोनाल्ड्सनं 1996 मध्ये दिल्लीत पहिलं दुकान उघडलं, ते बीफशिवाय. पुढे आपल्याकडे सगळ्यात ओळखीचा बर्गर झाला तो आलू टिक्कीचा.

मी हे नानांना सांगत होतो. त्यांनी माझ्या मोबाईलवर फोटो बघितला, किंमत बघितली आणि म्हणाले, "म्हंजे पावात वडाच ना रे? त्याचे एवढे पैसे देतो तू?"

मी गप्प. कारण नाना शंभर टक्के बरोबर होते. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी 1966 मध्ये वडापाव सुरू केला असं मानलं जातं. म्हणजे दिल्लीत बर्गर आला तेव्हा आपला पावातला बटाटा 30 वर्षांचा झालेला होता. पाव मैद्याचा, आत बटाटा. बन मैद्याचा, आत बटाटा. पिष्टाच्या आत पिष्ट. चव वेगळी, पॅकिंग वेगळं, पोटात गेल्यावर फार फरक नाही.

बन बदलून भागतं का?

2024 मध्ये मॅकडोनाल्ड्सनं आपल्याकडे भरडधान्याचा बन आणला, म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी संशोधन संस्थेबरोबर. मी खूश. म्हटलं, झालं, बग फिक्स.

पण 2025 मध्ये इंडियाबचाच आहारावरचा अभ्यास आला. 18 हजारांहून जास्त लोकांचं खाणं त्यांनी नोंदवलं. आपल्या रोजच्या कॅलरींपैकी साधारण 62 टक्के कर्बोदकांतून येतात, आणि त्यातली बरीचशी पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर यांची. इथपर्यंत अंदाज होता. पुढची गोष्ट ऐका. मैदा-तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. कर्बोदकांतल्या थोड्या कॅलरी काढून त्या जागी डाळी-कडधान्यांची किंवा दुधाची प्रथिनं घातली, की धोका कमी दिसला. हा पाहणीचा अभ्यास आहे, प्रयोग नाही, हे लक्षात ठेवा. तरी दिशा स्पष्ट आहे.

म्हणजे नुसता बन बदलून भागत नाही. भरडधान्यात फायबर जास्त असतं, ते चांगलंच आहे. पण आतला बटाटा, शेजारचे फ्राईज आणि ग्लासातली साखर तशीच राहिली, तर आपण फक्त व्हेरिएबलचं नाव बदललं.

जरा आकडे बघू, ढोबळ आहेत. आलू टिक्की बर्गर साडेतीनशे कॅलरींच्या आसपास. मध्यम फ्राईज तीनशेच्या वर. कोल्ड्रिंकचे शंभर-दीडशे. एकूण आठशे. यात बर्गर निम्म्याहूनही कमी आहे, बघा. शिव्या सगळ्या त्याला पडतात, आणि निम्म्याहून जास्त भार 'कॉम्बो' या शब्दात लपलेला असतो. थोडे पैसे वाढवले की मिळतं म्हणून आपण घेतो.

आणि प्रथिनं? आयसीएमआरचा हिशेब वजनाच्या दर किलोला दिवसाला 0.83 ग्रॅम. माझं वजन 78 किलो, म्हणजे मला साधारण 65 ग्रॅम लागतात. आठशे कॅलरींच्या त्या जेवणात मला दहा-बारा ग्रॅम मिळत होते. म्हणून रात्री एक वाजता परत भूक. मला वाटायचं, आपल्याला कंट्रोल नाही.

कंट्रोलवरून एक प्रयोग सांगतो. अमेरिकेच्या एनआयएचमध्ये 2019 मध्ये केविन हॉल यांच्या गटानं 20 जणांना ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात जास्त प्रक्रिया झालेलं खाणं, दोन आठवडे साधं खाणं. ताटातली साखर, मीठ, चरबी, फायबर सगळं सारखं राखलेलं. हवं तेवढं खा म्हणाले. प्रक्रिया केलेलं खाताना लोकांनी दिवसाला साधारण 500 कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत सरासरी 0.9 किलो वाढले. ते खातही होते जास्त वेगानं. म्हणजे 'मनावर ताबा नाही' म्हणून स्वतःला कोसत बसू नका. मऊ, झटपट गिळता येणारं खाणं समोर असलं, की सगळ्यांचंच असं होतं.

आता नाना

माझा लॉग काढून झाल्यावर मी नानांचा काढला. तोंडी. लिलावाच्या दिवशी ते पहाटे ट्रॅक्टर घेऊन निघतात, नंबर लागायला वेळ लागतो. तिथे दोन वडापाव आणि तीन कप गोड चहा. सीझनमध्ये आठवड्यातून चारदा तरी. घरी भाकरी खाणारा माणूस बाजारात माझ्यासारखाच जगत होता. मी लॅपटॉपसमोर, ते ट्रॉलीशेजारी. दोघांचं एकच: काम सोडता येत नाही, भूक थांबत नाही, आणि जवळ जे मिळतं ते पावात घातलेलं असतं.

मी म्हटलं, "नाना, वडापाव सोडा." ते म्हणाले, "तू बर्गर सोडला का?"

विषय संपला. दोन दिवस.

मग आईनं तोडगा काढला. तिनं सोडायला लावलंच नाही काही. भाकरीत मटकीची उसळ गुंडाळून दिली, सोबत दोन उकडलेली अंडी, आणि म्हणाली, "आधी हे खा, मग काय खायचं ते खा." नाना कुरकुरले. चार जण वडापाव खात असताना आपण एकट्यानं डबा उघडायचा म्हणजे आजारी असल्याची दवंडी पिटल्यासारखं वाटतं, हे त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. त्या गाड्यावरच भाव कळतात, कुणाच्या बागेचं काय झालं ते कळतं, सोयरिकीपण तिथेच निघतात. म्हणून एक वडापाव राहिला. दोनाचा एक झाला आणि चहा बिनसाखरेचा झाला. बिनसाखरेच्या चहाला जास्त दिवस लागले.

मी काय बदललं

एक: रात्री दहानंतर बर्गर नाही. कारण त्या वेळी तो आवडीनं नसतो, आळसानं असतो. फ्रीजमध्ये उकडलेले चणे, अंडी, दही ठेवतो.

दोन: खायचा तर नुसता बर्गर, कॉम्बो नाही. आत अंडं, पनीर, चिकन काहीतरी हवं, आणि तळलेल्यापेक्षा भाजलेलं मिळत असेल तर ते. सोबत पाणी किंवा ताक.

तीन: महिन्यातून दोनदा, कुणाबरोबर तरी, बसून. जो आठवणीत राहील तो.

चार: गाड्यावर खाताना तेल बघतो. सतत तापवलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर एफएसएसएआयनं 2018 पासून 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. आपण काही मोजू शकत नाही, पण तेल काळं, फेसाळ, धुराचं दिसलं तर पुढच्या गाड्यावर जायचं.

आणि आज दुपारी आम्ही घरीच बर्गर केला. मोड आलेली मटकी शिजवून ठेचली, बेसन, आलं-लसूण-मिरची, कोथिंबीर घालून टिक्की, तव्यावर चमचाभर तेलात. वर एक अंडं. बेकरीचा साधाच पाव. मेयोनीजच्या जागी टांगलेलं दही आणि हिरवी चटणी. कोबी, टोमॅटो, आणि कांदा अर्थातच घरचा, जाड चकती. माझ्या हिशेबानं 15-16 ग्रॅम प्रथिनं. नानांनी एक खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाले, "वडा नीट गोल नाही झाला."

रिपोर्ट सांगतो. सहा महिन्यांनी माझा आकडा 6.1 चा 5.8 झाला. अजून रेषेच्या वरच आहे. नानांचा 8.2 चा 7.4. त्यांच्या गोळ्या चालूच आहेत, त्या डॉक्टरच ठरवतात, तुम्हीपण घरच्यांच्या गोळ्यांना हात लावू नका. आणि मी रोज चालायलाही लागलो होतो, झोपही थोडी सुधारली. चार बदल एकत्र पुश केले की कुठल्या बदलानं बग गेला ते सांगता येत नाही. त्यामुळे बर्गर कमी केला आणि साखर उतरली, असं मी म्हणणार नाही.

एवढंच म्हणेन. बर्गर चांगल्या आहारात बसतो, पण बाकीच्या ताटानं त्याला जागा ठेवली असेल तर. त्यानं ताटच उचलून नेलं, तर नाही बसत. आज रात्री तुमची ऑर्डर हिस्टरी उघडा. आकडा मोजू नका, फक्त बघा त्यातले किती आठवतात. जे आठवत नाहीत, तिथून सुरुवात करा.

खालून हाक येतेय, ट्रॉलीवर ताडपत्री बांधायचीय. निघतो. पुढच्या रविवारी भेटू. काळजी घ्या, आणि घरी फोन करून विचारा, आज जेवलात काय?