भात्यातून सुटलेला डावा हात

(आंजर्ले येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



जपानी कार्टूनची गाणी पियानोवर कशी वाजवावीत, हा विषय जाहीर झाला तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली म्हणे. भर मे महिन्यात, आंबा उतरवायच्या दिवसांत, हापूसवर बोलणारा कुणी मिळाला नाही का? मिळाला असता. पण समोर निम्म्या खुर्च्या-सतरंज्या सुट्टीला आलेल्या मुलांनी भरल्या आहेत, आणि यातल्या कितीतरी जणांच्या घरी, मुंबईत नाहीतर पुण्यात, कपाटावर कीबोर्ड धूळ खात पडला आहे. वाढदिवसाला आला, चार दिवस वाजला, वर गेला. तो खाली काढायचा कसा, एवढाच माझा विषय आहे.

आधी मोठ्यांसाठी एक आठवण. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगलीची मालिका लागायची, तेव्हा आळीतली पोरं कोणाच्या घरी गोळा व्हायची ते तुम्हाला ठाऊक आहे. ती मालिका जपानी होती. निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ साली काढलेली, बावन्न भागांची. त्यातल्या शेरखानला हिंदीत आवाज दिला नाना पाटेकरांनी. नाना मुरुडचे; आपल्या शेजारचं मुरुड नव्हे, जंजिऱ्याचं. पण गंमत पुढेच आहे. मालिका जपानी, आणि जे शीर्षकगीत आजही पन्नाशीचा माणूस आंघोळ करताना गुणगुणतो ते मात्र इथलंच. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची; 'माचिस'च्या आधीचे विशाल भारद्वाज. म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत जास्त तोंडपाठ असलेलं 'जपानी कार्टूनचं गाणं' जपानमध्ये कोणी ऐकलेलंच नाही! तरी माझ्या यादीत ते पहिलं आहे. पहिलं गाणं असं हवं की बोट चुकलं तर कानाला ताबडतोब कळावं, आणि घरातल्या आजोबांनाही कळावं.

दुसरं उदाहरण रामायणाचं. युगो साको या जपानी माणसाने आपल्या राम मोहन यांना बरोबर घेऊन रामकथेवर संपूर्ण अ‍ॅनिमेशनपट केला. २०२५ च्या जानेवारीत तो नव्याने आपल्या चित्रपटगृहांत आला होता. संगीत वनराज भाटियांचं. मुंबईचा माणूस, लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत शिकलेला, 'मंथन' आणि 'भूमिका'चा संगीतकार. तेव्हा हे सगळं परक्याचं आहे असं कोणी म्हणू नये. येणंजाणं जुनं आहे.

किती जुनं? पेटीपासूनचं. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या देबँ यांनी १८४२ मध्ये घेतलं. ती पायाने भाता मारायची. आपल्याकडे भुईवर बसून वाजवायची सवय, म्हणून कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताच्या भात्याची पेटी केली आणि ती देशभर पसरली. त्याच काळात, १८८७ साली, जपानमध्ये हामामात्सू गावातल्या शाळेचा ऑर्गन बिघडला. तोही पेटीच्याच जातीचा, पितळी पत्तीचा. दुरुस्तीला आला तोराकुसु यामाहा नावाचा कारागीर. त्याने तो दुरुस्त केला, मग स्वतःच एक बनवला, पुढे कंपनी काढली आणि १९०० पासून पियानो करायला लागला. होय, तीच यामाहा. बाहेर लावलेल्या गाडीच्या टाकीवरचं चिन्ह जाताना बघा: एकमेकांत गुंतलेले तीन ट्यूनिंग फोर्क आहेत. आणि गणपतीत आपल्या ऑर्केस्ट्रात कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला आपण 'कॅसिओ' म्हणतो, ती कॅसिओ आधी कॅल्क्युलेटरवाली. वाद्यांत ती १९८० मध्ये उतरली.

पत्तीच्या एकाच वाद्यातून जपानी माणूस पियानोकडे गेला, आपण भजनाकडे आणि संगीत नाटकाकडे गेलो. आपली वाट कमी प्रतीची होती असं मला मुळीच वाटत नाही. गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्या मातीत घडली तिथे पियानो आला नाही म्हणून रडण्याचं कारण नाही.

आता जरा वाजवून बघू. भजनी मंडळाची पेटी इथे आहेच. काळी तीनला सा धरा. पांढऱ्या पट्टीला हातच लावायचा नाही, फक्त काळ्या वाजवत वर जायचं.

(येथे वक्त्यांनी पेटीवर आरोह-अवरोह वाजवून दाखवला. श्रोत्यांतून 'भूप, भूप' असा आवाज.)

भूपच. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. याच पाच काळ्या पट्ट्यांत सा काळी एकवर नेला तर दुर्गा होतो, काळी पाचवर नेला तर मालकंस. ते तुम्ही घरी करून बघा. सांगायचं असं की जपानमध्ये चौथा आणि सातवा स्वर गाळून होणाऱ्या याच सप्तकाला योनानुकी म्हणतात. १८८० च्या सुमारास तिथल्या सरकारने शाळांतून संगीत शिकवायचं ठरवलं, मेसन नावाचा अमेरिकन शिक्षक बोलावला, आणि पुढे शाळेच्या गाण्यांत हे सप्तक घट्ट बसलं. दुसरं एक तिकडचं जुनं सप्तक आहे, सा, कोमल रे, म, प, कोमल ध. आपला गुणकली. कार्टूनमध्ये देऊळ, चेरीची झाडं किंवा तलवारबाज दिसला की मागे बहुधा याच घराण्यातलं काहीतरी वाजत असतं.

म्हणून सगळी अ‍ॅनिमेची, म्हणजे जपानी कार्टूनची, गाणी भूपातली, असं मात्र घरी जाऊन सांगू नका. आजची बरीचशी बाराही स्वर वापरणारी, सरळ पॉप गाणी आहेत. पण भूप ऐकत वाढलेल्या कानाला त्या चालींची वळणं लवकर सापडतात, हे मी शिकवताना बघत आलो आहे.

मग अडतं कुठे? डाव्या हातात.

पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो. सूर सगळे उजव्याचे. शिवाय पेटीचा सूर बोट दाबून ठेवलं आणि भाता चालू असला की तसाच उभा राहतो. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटून मागे येते, आणि सूर त्या क्षणापासून ओसरायला लागतो. त्यामुळे पेटीवर भरून वाटणारी संथ चाल पियानोवर एका हाताने वाजवली की मध्येमध्ये भोकं पडतात. मूल म्हणतं, बाबा, गाणं बरोबर आहे पण गाण्यासारखं वाटत नाही. त्याचं खरं असतं. ती भोकं डाव्या हाताने भरायची. म्हणून माझा सल्ला उलटा आहे: गाणं निवडताना उजव्या हाताकडे बघू नका, तो शिकतोच. त्या गाण्यात डाव्याला काय काम आहे ते बघा.

'स्पिरिटेड अवे' हा दिग्दर्शक मियाझाकींचा २००१ चा चित्रपट, ऑस्कर मिळालेला. त्याच्या शेवटी युमी किमुरा गातात, स्वतःच छोटी लायर छेडत. चाल त्यांचीच. तीन मात्रांचं गाणं, दादऱ्याचा निम्मा भाग म्हणा. नवशिक्यासाठी याहून चांगलं मला सापडलेलं नाही. डाव्या हाताची करंगळी सावर, तर्जनी पंचमावर, अंगठा वरच्या सावर; एक जड, दोन हलके. हात न हलवता एवढंच घोटायचं. उजवा हात मांडीवर. पियानोवर पट्टीपासून वरच्या तशाच पट्टीपर्यंत साधारण साडेसोळा सेंटिमीटर ताणावं लागतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पंजा तिथे पोचत नाही. पोचवू नका, मनगट दुखतं. त्याला सा आणि प पुरे, करंगळी आणि अंगठा. डावा हात गप्पा मारत वाजवता येऊ लागला की मग उजवा सुरू करायचा. आणि एक विनंती पेटीवाल्यांना: इथे हरकती नकोत. आपली बोटं सवयीने कण लावायला जातात, आणि ही चाल साधेपणावरच उभी आहे.

संगीतकार जो हिसाइशींचं 'तोतोरो' चित्रपटातलं मुलांच्या फिरायला जाण्याचं गाणं चालण्याच्या ठेक्याचं आहे, डाव्याने नुसता पाय टाकायचा. लहानांना ते द्यावं. 'लापुता'चं शेवटचं गाणं थोड्या मोठ्या मुलाला. पांढरी सहाला सा धरला तर जवळपास सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर निभतं, आणि कोमल गंधाराची हुरहुर आपल्या माणसाला लगेच भिडते. 'हाउल्स मूव्हिंग कासल'चं वॉल्ट्झ सगळ्यांना हवं असतं. त्याचं तोंड सोपं आहे, पुढचं नाही. तोंडापुरतं शिका आणि खुशाल थांबा. 'डीमन स्लेअर'चं 'गुरेंगे' मागणाऱ्या मुलांना मी ते उजव्या हाताने वाजवू देतो. त्या वेगात डावा बसवायला वर्ष-दोन वर्षं लागतात, हे त्यांचं त्यांनाच दुसऱ्या दिवशी कळतं.

कीबोर्ड नवा घेणार असाल तर बारीक पट्ट्यांचा खेळण्यातला घेऊ नका. एकसष्ट पट्ट्या पुरतात, पण पट्टी हळू दाबली तर हळू आणि जोरात दाबली तर जोरात वाजणारा हवा. तसा नसेल तर 'एक जड, दोन हलके' शिकवणार कसं? खरा लाकडी पियानो इथे गावात ठेवायच्या भानगडीत पडू नये. खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस; तारा गंजतात, लाकूड फुगतं, आणि सूर लावणारा माणूस मुंबईहून आणावा लागतो. कीबोर्डही जून ते सप्टेंबर कोरड्या कपाटात, कापडात गुंडाळून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वाजवा.

माझं बोलणं संपलं. ज्यांना हात बसवून बघायचा आहे त्यांनी पुढे या, लहान आधी. आधी डावा हात. आणि वायर वाटेत पसरली आहे, तिच्यात पाय अडकवू नका.